रोजच्या गाडीची कामगिरी वाढवताना आराखडा कसा आखावा

रोजच्या वापरातली गाडी जरा चपळ व्हावी असे वाटू लागले की बहुतेक जण पहिला खर्च इंजिन, सायलेन्सर किंवा अलॉय रिम यांवर करतात. टायर, ब्रेक आणि शॉकॲब्सॉर्बर यांची आठवण नंतर होते, आणि पुष्कळदा ती एखाद्या ओल्या वळणावर छातीत धस्स झाल्यावर होते. माझ्या अनुभवात हा क्रम उलटा असावा लागतो. गाडी रस्त्याला जिथे टेकते तिथून सुरुवात करून वर इंजिनापर्यंत चढत जावे आणि प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारावा: पुढचा बदल झाल्यावर त्याचा भार आजचे भाग पेलतील का?

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. गाडीत रोज किती माणसे बसतात, मागे सामान किती असते, रस्ता खड्ड्यांचा आहे की गुळगुळीत, किती आवाज आणि किती धक्के घरच्यांना चालतील, आणि गाडी गॅरेजमध्ये अडकली तर किती दिवस तिच्यावाचून भागेल, हे सगळे लिहून काढावे. त्यानंतर ‘पिकअप कमी आहे’ ही तक्रार तपशिलात मांडावी, कारण या एका वाक्यात तीन वेगळे आजार दडलेले असतात. सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटणे, चढावर माणसे भरल्यावर दम लागणे आणि ८० च्या वेगावरून ओव्हरटेक करताना वेळ लागणे, या तिन्हींवरचे उपाय एक नाहीत.

तिसऱ्या तक्रारीवर तर अनेकदा खर्चाची गरजच नसते. इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि फेरे यांचा गुणाकार. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. २००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर देणारे इंजिन त्या क्षणी सुमारे ३१ किलोवॅट देत असते, आणि ४००० फेऱ्यांवर तेवढाच टॉर्क असेल तर ६३ किलोवॅट. पाचव्या गिअरमध्ये पाय दाबून वाट पाहणारा चालक आणि वेळीच तिसऱ्यात उतरणारा चालक यांच्यात जेवढा फरक असतो, तेवढा फरक कोणतेही सुटे भाग विकत घेऊन पडणार नाही.

आजची स्थिती आकड्यांत नोंदवल्याखेरीज पुढे जाऊ नये. रिकामा, सपाट आणि वेगमर्यादेत बसणारा रस्ता निवडावा, एअर कंडिशनर बंद ठेवावा, टायरमधील हवा एकसारखी करावी आणि तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ८० पर्यंत पोहोचायला लागणारा वेळ मोजावा. शेजारी बसलेल्याने मोबाईलवर स्पीडोमीटरचे चित्रीकरण केले तर नंतर घरी बसून सेकंद मोजता येतात, आणि चालकाची नजर रस्त्यावरून हटत नाही. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढावी, कारण डोळ्यांना न दिसणारा उतार आणि वारा निकाल सहज फिरवतात. वहीत तारीख आणि हवेचे तापमानही लिहावे. ही वही पुढे फार उपयोगी पडते. आपल्या कानांना आणि पाठीला झालेला भास ती पकडते.

आधी गाडी मूळ ताकदीवर आणा

पाच-सहा वर्षे चाललेल्या गाडीने कारखान्यातून निघतानाची ताकद पूर्णपणे राखलेली असतेच असे नाही. म्हणून पहिली सुधारणा म्हणजे नीट केलेली दुरुस्ती. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने हवा दाबल्यावर होणारा दाब, तपासून घ्यावे; प्रत्येक आकडा किती मोठा आहे याइतकेच ते आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचे असते, आणि १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर त्या इंजिनावर जादा भार टाकण्याचा विचार सोडून द्यावा. स्पार्क प्लग, एअर फिल्टर, इंजिन ऑईल आणि कूलंट हे वेळापत्रकाप्रमाणे बदललेले असावेत. स्कॅनर लावून फ्युएल ट्रिमही, म्हणजे इंजिनाचा संगणक इंधनात करत असलेली वाढ-घट, पाहावा. तो सतत १० टक्क्यांहून जास्त अधिक बाजूला झुकलेला असेल, तर कुठेतरी हवा गळते आहे, सेन्सर चुकतो आहे किंवा इंधन कमी पडते आहे असे समजावे.

माझी स्वतःची गाडी एका वर्षी अशीच मरगळली होती आणि मी रीमॅपची, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले तक्ते बदलून घेण्याची, चौकशी करत फिरत होतो. एके दिवशी अर्ध्या तासाच्या फेरीनंतर सहज चारही रिमांजवळ हात नेला, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात धरवेना. बाकीची तीन जेमतेम कोमट होती. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकली होती आणि ब्रेक पॅड डिस्कला सतत घासत होता. पिन साफ करून, वंगण लावून बसवल्यावर गाडीचा पिकअपही परत आला आणि मायलेजही. तेव्हापासून कोणी पिकअपची तक्रार घेऊन आला की मी आधी चाके तपासायला सांगतो. हात लावण्याऐवजी इन्फ्रारेड थर्मामीटर वापरलेला बरा, कारण तापलेली डिस्क चांगलीच भाजते.

टायर आणि रिम

वेग वाढवणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे शेवटी तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून होतात. त्यामुळे एकाच गोष्टीवर खर्च करण्याची ऐपत असेल, तर तो चांगल्या प्रतीच्या टायरवर करावा, तोही मूळ मापातच. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, १५ हा रिमचा इंचांतील व्यास, ८८ हा एका टायरमागे ५६० किलो वजन पेलण्याचा निर्देशांक आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगक्षमता. त्याच बाजूवर चार अंकी निर्मितीचा संकेत असतो; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर नक्षी कोरी दिसत असली तरी कडक झालेला असतो, म्हणून खरेदीच्या वेळी वाकून हा संकेत वाचावा, दुकानदार वैतागला तरी.

रिम मोठी करायची असेल तर टायरचा एकूण व्यास मूळ व्यासाच्या शक्य तितका जवळ राहिला पाहिजे. वरच्या उदाहरणात भिंतीची उंची १२०.२५ मिलिमीटर येते. तिची दुप्पट करून त्यात १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर मिळवले की व्यास ६२१.५ मिलिमीटर होतो. १६ इंचांच्या रिमवर १९५/५५ हे माप घेतले तर व्यास ६२०.९ येतो, म्हणजे फरक जवळपास शून्य. पण त्याच रिमवर भरीव दिसते म्हणून २०५/६० घातले तर व्यास ६५२.४ होतो, म्हणजे ५ टक्के जास्त. मग स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी खरे तर १०५ च्या आसपास धावते, प्रत्येक गिअर तितकाच लांबतो आणि ज्या पिकअपसाठी हा खटाटोप मांडला तोच कमी होतो. नव्या टायरचा भार निर्देशांक मूळ निर्देशांकापेक्षा कधीही कमी नसावा.

रिमच्या बाबतीत बोल्टांचे वर्तुळ, मधल्या छिद्राचा व्यास आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती हबवर टेकते त्या पृष्ठभागाचे अंतर) या तीन मापांची खात्री करावी. ऑफसेट कमी झाला की चाक तितके मिलिमीटर बाहेर येते, स्टिअरिंगची जाण बदलते आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. वजनही विचारून घ्यावे. मूळ रिमपेक्षा जड अलॉय रिम बाजारात भरपूर मिळतात, आणि फिरत्या चाकातले जादा वजन गाडीला दोनदा छळते: वेग घेताना ते फिरवावे लागते आणि खड्ड्यातून जाताना शॉकॲब्सॉर्बरला ते आवरावे लागते. रुंद टायरमुळे कोरड्या रस्त्यावर पकड वाढते हे खरे असले, तरी साचलेल्या पाण्यावर तरंगण्याची प्रवृत्तीही वाढते. पावसात रोज गाडी चालवणाऱ्याने एका मापापेक्षा जास्त रुंदी वाढवू नये असे माझे मत आहे.

ब्रेक

ब्रेक हे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे. १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ४६० किलोज्यूल उष्णता तयार होते, म्हणजे साधारण १.४ लीटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणण्याएवढी. वेग १२० असेल तर हीच उष्णता १.४४ पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची ताकद वाढवणाऱ्याला प्रत्येक वळणाआधी पूर्वीपेक्षा जास्त वेग उतरवावा लागतो, आणि ती सगळी उष्णता पॅड, डिस्क आणि ब्रेक ऑईल यांनाच पचवावी लागते.

म्हणून सुरुवात ब्रेक ऑईलपासून करावी. हे द्रव हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरत जातो. डॉट ३ श्रेणीसाठी किमान उत्कलनबिंदू ताजेपणी २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश असा ठरवलेला आहे. डॉट ४ साठी २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० अंश. जुने ऑईल लांब उतारावर उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ पडते आणि पाय तळापर्यंत जातो. हा अनुभव एकदा आलेला माणूस दर दोन वर्षांनी ऑईल बदलायला विसरत नाही. डॉट ५ हे नाव फसवे आहे. ते सिलिकोनचे असते आणि इतर श्रेणींत मिसळता येत नाही.

त्यानंतर चांगल्या दर्जाचे पॅड घ्यावेत. मात्र शर्यतीसाठी बनवलेले पॅड रोजच्या गाडीला घालू नयेत, कारण ते गरम झाल्याशिवाय नीट पकडत नाहीत आणि सकाळच्या पहिल्याच सिग्नलवर दगा देतात. मोठ्या डिस्कबद्दल एक गैरसमज सर्वत्र आढळतो. सध्याचा ब्रेक जोरात दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा सुरू होत असेल, तर एका वेळच्या थांबण्याची मर्यादा टायरची आहे, ब्रेकची नाही. मोठी डिस्क थांबण्याचे अंतर फारसे कमी करत नाही. ती दहाव्या वेळीही पहिल्या वेळेसारखे थांबण्याची सोय करते. शहरातल्या वापरात ती गरज क्वचितच भासते.

सस्पेन्शन

येथेही झिजलेले आधी बदलावे. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास शॉकअप म्हणतात, एवढे नवे बसवले तरी जुनी गाडी निम्मी तरुण होते. गाडी खाली बसवण्यासाठी नुसत्या आखूड स्प्रिंगा घालण्याचा मोह टाळावा. स्प्रिंग कडक झाली आणि शॉकॲब्सॉर्बर मूळचाच राहिला, तर तो तिची उसळी आवरू शकत नाही आणि लवकर निकामी होतो. शिवाय हालचालीची जागा कमी उरल्याने गाडी रबरी बंपस्टॉपवर आदळू लागते. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकमेकांसाठी जुळवलेले घ्यावेत, आणि खराब रस्त्यांवर २५ ते ३० मिलिमीटरपेक्षा जास्त खाली जाऊ नये. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे. उंची बदलली की टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) दोन्ही बदलतात, आणि चुकलेला टो नवे टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने खाऊन टाकतो.

वजन कमी करण्याचा उपाय फुकट असूनही दुर्लक्षित राहतो. १००० किलोच्या आणि ८५ अश्वशक्तीच्या गाडीतून ५० किलो निरुपयोगी सामान काढले, तर वेग घेण्याच्या दृष्टीने साडेचार अश्वशक्ती वाढल्यासारखेच होते. स्टेपनी आणि जॅक मात्र त्या सामानात मोजू नयेत.

इंजिन

आता इंजिनाकडे येऊ. येथे पहिला फाटा गाडीच्या जातीचा आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा, नसलेल्या पेट्रोल इंजिनाला नुसत्या रीमॅपने ५ ते १० टक्के वाढ मिळाली तरी ती भरपूर म्हणायची, कारण आत येणारी हवा तेवढीच राहते. टर्बो इंजिनात हवेचा दाब वाढवता येत असल्याने १५ ते ३० टक्के वाढ सहज दाखवली जाते. पहिल्या प्रकारची गाडी असणाऱ्याने टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवरच थांबावे असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तेथून पुढे प्रत्येक अश्वशक्ती फार महाग पडते.

एअर फिल्टरची गोष्ट थोडी तपशिलात सांगण्याजोगी आहे. मूळ डब्यात बसणारा, चांगल्या प्रतीचा सपाट फिल्टर निरुपद्रवी असतो. डबा काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की हवा ओढल्याचा दमदार आवाज येतो, आणि तो आवाजच अनेकांना ताकद वाटतो. मीही असा फिल्टर लावला होता आणि आठवडाभर खूष होतो. वहीतल्या नोंदी पाहिल्या तेव्हा ४० ते ८० चा वेळ वाढलेला निघाला. कारण साधे होते: मूळ डबा बंपरमागून बाहेरची हवा घेत होता, तर उघडा फिल्टर इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा ओढत होता. ३० अंशांची हवा ६० अंशांची झाली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, म्हणजे ऑक्सिजनही तितकाच कमी. डबा परत बसवला आणि फिल्टर विकून टाकला.

सायलेन्सरबाबत थोडक्यात एवढेच सांगतो की मागचा डबा बदलल्याने मुख्यतः आवाज बदलतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डिझेलमधील धूरगाळणी काढणे अनेक देशांत बेकायदा आहे, आणि ते सुचवणाऱ्या गॅरेजकडे दुसरेही काम सोपवू नये.

रीमॅप म्हणजे ईसीयूमधील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, टर्बोचा दाब, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ यांचे तक्ते बदलणे. कारखान्याने ठेवलेली सुरक्षिततेची फट चैनीसाठी ठेवलेली नसते. हलके इंधन, उन्हाळा, उंच प्रदेश आणि निष्काळजी सर्व्हिसिंग या सगळ्यांसाठी ती असते, आणि रीमॅप तीच फट वापरतो. म्हणून ज्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर हे नवे तक्ते तयार केले आहेत ते पेट्रोल आपल्या रोजच्या पंपावर कायम मिळते का, हे आधी पाहावे. कमी ऑक्टेनवर इंजिन ठोकू लागते, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून आतून ठोक्यांचा आवाज येतो. थेट इंधन फवारणीच्या लहान टर्बो इंजिनांत आणखी एक धोका आहे. कमी फेऱ्यांवर जबर टॉर्क मागितला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटते आणि पिस्टन फुटू शकतो. या त्रासाला आळा घालणारी इंजिन ऑईलची एपीआय एसपी श्रेणी २०२० मध्ये आली. अशा इंजिनात तीच किंवा गाडीच्या उत्पादकाने सांगितलेली त्याच्या तोडीची श्रेणी वापरावी, आणि ऑईल बदलण्याचे अंतर कमी करावे. १५०० फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबण्याची सवय रीमॅपआधीच मोडून टाकावी.

वाढलेला टॉर्क क्लच आणि गिअरबॉक्समधून जातो, हे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. आधी आपल्या क्लच प्लेटची चाचणी घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम फेऱ्यांवरून पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर फेऱ्यांचा काटा झपकन चढला आणि वेग मात्र मागेच रेंगाळला, तर प्लेट घसरते आहे. जी प्लेट मूळ टॉर्कलाच घसरते ती वाढीव टॉर्कवर महिनाभरही टिकणार नाही, त्यामुळे तिचा खर्च रीमॅपच्याच खात्यात धरावा.

काम करून घेताना तीन गोष्टी मागून घ्याव्यात: मूळ फाईलची प्रत, बदलाआधी आणि बदलानंतर त्याच दिवशी त्याच डायनोवर (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) घेतलेली नोंद, आणि पूर्ण भारावरच्या हवा-इंधन प्रमाणाचा आलेख. डायनो चाकांवरची शक्ती मोजतो आणि जाहिरातीतला आकडा इंजिनावरचा असतो, शिवाय प्रत्येक डायनोचा स्वभाव वेगळा असतो. त्यामुळे एका ठिकाणचा ‘आधी’ आणि दुसऱ्या ठिकाणचा ‘नंतर’ यांची तुलना निरर्थक आहे.

कागदपत्रे, पैसा आणि क्रम

कोणताही भाग मागवण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे, वॉरंटीच्या अटी वाचाव्यात आणि वाहन नोंदणीचे स्थानिक नियम तपासावेत. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि ईसीयूत फेरफार झाल्याचे अधिकृत सर्व्हिस सेंटरला बहुधा कळते, मूळ फाईल परत टाकली तरीही.

अंदाजपत्रकातला निदान पाचवा हिस्सा बाजूला ठेवावा. तो गंजून तुटलेले बोल्ट, गॅस्केट, अलाइनमेंट आणि उघडल्यावर सापडलेली झीज यांवर हमखास खर्च होतो. एका वेळी एकच बदल करावा, त्यावर काही शे किलोमीटर गाडी चालवावी, तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि निकाल वहीत लिहिल्यावरच पुढची पायरी घ्यावी. टायर, ब्रेक आणि रीमॅप एकाच आठवड्यात केले आणि नंतर स्टिअरिंग थरथरू लागले, तर दोष कोठे शोधायचा हे मेकॅनिकलाही कळत नाही. चाके काढून बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरांनी टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासावेत. काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत. पुसून, ऑईलचा हात देऊन, कोणता बोल्ट कोठला याची चिठ्ठी लावून खोक्यात भरून ठेवावेत, म्हणजे गाडी विकताना किंवा एखादा बदल न मानवल्यास एका दुपारीत ती पूर्ववत करता येते.